गोंगाट

विसाव्या वर्षी तापात शमीम मुजावरांचं ऐकणं गेलं होतं. पुढे ‘नादसेतू’ कंपनीने कानात चिप बसवली आणि भोवतालचा आवाज कंपनीच्या टॉवरवरून फिरून पुन्हा त्यांच्या कानी पडू लागला. इचलकरंजीत नुसत्या खडखडाटावरून यंत्रमागाचा बिघाड ओळखून दुरुस्त करणारी जॉबर म्हणून त्यांचं नाव झालं.

आता नादसेतू ‘महावाणी’त विलीन होणार होती. त्यावर आज जनसुनावणी होती.

“आमच्याकडे आवाज स्वच्छ मिळतो. गोंगाट आम्ही गाळून टाकतो,” महावाणीचे वकील म्हणाले. “नको असेल त्याने दुसरी कंपनी घ्यावी.”

“दुसरी कुठली?” शमीम उठून म्हणाल्या. “दोनच तर होत्या. महिनाभर तुमची सेवा वापरून बघितली मी. माणसं बोललेली तेवढी ऐकू आली. माग मुके झाले. अन् तान्ही नात पाळण्यात रडून रडून लाल झाली, ते मला डोळ्यांनी दिसलं तेव्हा कळलं.”

सुनावणीच्या अध्यक्षबाईंनी विलीनीकरणाच्या मंजुरीत एक अट घातली: काय गाळायचं, ते ऐकणाराच ठरवेल.

शमीम बाहेर आल्या. रस्त्यावर हॉर्न वाजत होते, कढईत भजी तडतडत होती, दोन रिक्षावाले कडाकडा भांडत होते. त्या तिथेच थांबून ऐकत राहिल्या.