तीन ते चार

२०२१ सालचा फेब्रुवारी. बदलापुरात बेलवलीच्या घरी भागीरथीबाई पुन्हा पुन्हा एकच नंबर लावत होत्या. फोन बंद होता.

दुपारचे तीन वाजून गेले होते. उल्हासनगरच्या दवाखान्यात त्यांच्या मनालीच्या हृदयाचं ऑपरेशन चालू होतं. करोनामुळे पेशंटपाशी एकालाच थांबू देत; जावई विक्रांत थांबला होता. चर्चच्या घरसभाही बंद, म्हणून पाळक शशिकांत यांनी साखळी प्रार्थना लावली होती. ज्याने त्याने आपापल्या घरी एक तास गुडघे टेकायचे, तास संपला की यादीतल्या पुढच्याला मिस कॉल द्यायचा. साखळी तुटू द्यायची नाही. दोन ते तीन भागीरथीबाई. तीन ते चार बनूबाई.

नऊ वर्षांपूर्वी भागीरथीबाई नवऱ्याला माती देऊन घरी आल्या, तेव्हा याच बनूबाई भरल्या घरात म्हणाल्या होत्या, "प्रार्थनेत विश्वास कमी पडला, भागू." त्या दिवसापासून बोलणं बंद. आज लेकीसाठी तो अपमान गिळून त्यांनी नंबर लावला होता.

शेवटी यादीतल्या पुढच्याला, अंबरनाथच्या धर्मेशला लावला. मागे मशीनचा खडखडाट.

"आज्जी, मी चारला सुटतो. तोवर तुम्हीच धरा ना. तुमची प्रार्थना म्हणजे काय, सगळी मंडळी ऐकत राहते!"

त्या पुन्हा गुडघ्यांवर बसल्या. पहिला तास स्तोत्रं वाचून निभावला होता. आता अक्षरं दिसेनात. "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या..." सभेतली वाक्यं सरसर आली आणि पाच मिनिटांत संपली. आमेन म्हणायला कोणी नव्हतं. तिकडे लेकीची छाती उघडलेली, आणि इकडे तोंडात शब्द नाही.

"ह्यांना नेलंस," त्या एकदम म्हणाल्या. "त्याच दिवशी तुझ्याशीही बोलणं टाकलं मी. सभेत बोलले ते लोकांसाठी. तुला ठाऊक होतं ना? मग इतकी वर्षं का ऐकून घेतलंस?"

मग त्या रडल्या, भांडल्या, नऊ वर्षांचं साठलेलं सगळं बोलल्या. मनालीचं नाव शेवटी घेतलं, तेही मागणं म्हणून नाही. घरातल्या माणसाला सांगावं तसं. खोली रिकामी वाटली नाही.

चारला धर्मेशला मिस कॉल गेला. पाचला विक्रांतचा फोन आला. "आई, बाहेर आणलंय. ठीक आहे ती."

दिवेलागणीला दारात बनूबाई उभ्या. मास्क हनुवटीवर.

"मनाली कशी आहे?"

"आहे बरी. तुमचा फोन कुठे होता?"

"बंद ठेवला. तू काय मला मिस कॉल देणार होतीस, भागू? घड्याळात तीन वाजले नि प्रार्थनेला बसले. तुझी चुगली करायला गेले होते देवापाशी, माझीच चूक बाहेर निघाली."

भागीरथीबाईंनी दार पूर्ण उघडलं.

शशिकांत पुढे बदलून नाशिककडे गेले. मनाली शाळेत पुन्हा शिकवू लागली. साखळीची यादी आता धर्मेश करतो. बनूबाई त्याच वर्षी मे महिन्यात करोनाने गेल्या. माती द्यायला चारच माणसं होती, त्यांत भागीरथीबाई.

त्या अजून रोज तीनला बसतात. यादीत नाव असो नसो. त्या तासाला त्यांचा फोन बंद असतो.