मागच्या दाराने येणारा

टेनेसीतल्या त्या चर्चमध्ये कुणी गोळीबार करायला घुसलंच तर असावं म्हणून व्हर्लिन दर रविवारी कोटाखाली पिस्तूल लपवून बसायचा. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोचं, ऑर्फाचं, सगळं लक्ष त्या कोटाकडे. तिने पिस्तूल चालवण्याच्या प्रशिक्षणाचं नाव काढलं की तो म्हणायचा, "मला काय शिकवणार गं ते?"

शेवटी तिने त्याला हल्ला झाला तर काय करायचं याच्या चर्चमधल्या सरावाला नेलंच. प्रशिक्षकाने आठ जणांना रंगाच्या गोळ्यांची पिस्तुलं दिली आणि सांगितलं, "हल्लेखोर मागच्या दाराने येईल." तेवढ्यात कुणाची तरी खुर्ची पडली. मिनिटभरात आठही जण एकमेकांच्या गोळ्यांनी रंगले. व्हर्लिनची पहिली गोळी त्याच्याच मांडीवर बसली होती.

प्रशिक्षकाचा फोन वाजला. हल्लेखोराचं सोंग घेणाऱ्याची गाडी वाटेतच पंक्चर झाली होती.

"ऐकलंस ना?" मांडी पुसत व्हर्लिन बायकोला म्हणाला, "यायची हिंमतच झाली नाही त्याची."