वास उडालेली पावडर

आज तिने मुद्दाम कॉफीची जुनी पावडर घातली. फडताळात सगळ्यात मागे पडलेल्या डब्यातली, वास केव्हाच उडालेली. वरून खळखळतं पाणी सरळ ओतून मोकळी झाली. नवऱ्याच्या राज्यात या दोन्ही गुन्ह्यांना माफी नव्हती.

नवरा कॉफी भाजण्याच्या कारखान्यात चव घ्यायच्या कामाला होता. बियांचा कुठला माल ठेवायचा आणि कुठला परत पाठवायचा, हे त्याची जीभ ठरवायची. घरातली कॉफीही त्याच्याच हातची. बिया तोलायच्या, लागतील तेवढ्याच दळायच्या, पाणी उकळलं की जरा निवू द्यायचं, मग धार धरायची. तीही आधी थोडीच, पावडर फुगून वर येईपर्यंत. तिने हात पुढे केला की म्हणायचा, "तू चहा कर. तुझा हात चहाचा."

आणि गेल्या महिन्यात हाच माणूस तिला हाताला धरून ओट्याशी घेऊन आला. सगळं शिकवलं. वर रोज कारखान्यातून बियांच्या पुड्या आणायला लागला. सकाळी तिने कॉफी करायची, दोघांनी प्यायची, आणि याने खोदून खोदून विचारायचं, "कशी लागली? नीट सांग. आंबट? कडवट? मागाहून तोंडात काय राहतं?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला काय कसं लागलं हे याने कधी विचारलं नव्हतं. तिच्या मनात पाल चुकचुकली.

धाकट्या बहिणीने फोनवरून आगीत तेल ओतलं. "ताई, भाऊजी कुणाच्या तरी हातची पिऊन येतात बघ, आणि तुझ्या कॉफीशी ताडून बघतात."

तिने ते हसण्यावारी नेलं, पण मनातून जाईना. कारण तो जेवणालाही नावं ठेवेनासा झाला होता. परवा ती मीठ घालायलाच विसरली, तर मुकाट्याने जेवून उठला. मन खात असेल तरच पुरुष अळणी जेवण असं गिळतो, हे तिचं ठाम मत होतं. तेव्हा एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लावायचाच, असं तिने ठरवलं.

तिने कप त्याच्यापुढे ठेवला. त्याने घोट घेतला, डोळे मिटले, भुवया जरा उंचावल्या.

"छान," तो म्हणाला. "आज हात बसला तुझा."

ती बघतच राहिली. खोटं बोलायलाही काही सुमार असतो. एरवी याने कप थेट मोरीत रिकामा केला असता.

"आता तू सांग, कशी आहे?"

हे विचारताना तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता, परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा. तेव्हा तिला उमगलं. हा गोड बोलत नव्हता. याला कळलंच नव्हतं.

"अहो, टाका ती," ती म्हणाली. "जुन्या डब्यातली आहे. मी मुद्दाम केली."

त्याने कप खाली ठेवला.

"तो ताप येऊन गेला ना, तेव्हापासून," तो म्हणाला. "वास नाही, चव नाही. डॉक्टर म्हणतात येईल परत. कधी, ते त्यांनाही माहीत नाही."

"आणि कारखान्यात?"

"घोट घेतो, थुंकतो, मान हलवतो. आणि सकाळी तू जे बोललेली असतेस, तेच तिथे सांगतो. कळलं तर घरी बसवतील."

म्हणजे महिनाभर कारखाना तिच्या जिभेवर चालला होता. एरवी तिला हसू आलं असतं. आत्ता मात्र राग आला.

"मला सांगायचं नाही होय? मी काय काय मनात आणलं, माहितीये?"

"सांगितलं असतं तर मला बरं वाटावं म्हणून तू प्रत्येक कॉफी चांगलीच म्हणाली असतीस."

ते खरं होतं. उठून तिने कप विसळले. कालची पुडी फोडली, बिया दळल्या, पाणी निवेपर्यंत थांबली, आणि सावकाश धार धरली. पहिला घोट तिने तोंडात घोळवला. त्याचा चेहरा इतका उतरलेला होता की 'छान झालीय' हे शब्द अगदी ओठांवर आले.

"भिकार आहे," ती म्हणाली. "करपलेल्या बिया. परत पाठवा."

कितीतरी दिवसांनी तो खुर्चीला पाठ टेकून नीट बसला.