पुढच्या खोलीचा सामना

सावल्या थोरलीने सकाळीच घालवल्या होत्या. आता ढगांची पाळी होती. गेमच्या सेटिंगमधून तिने तेही काढून टाकले, तेव्हा पडद्यावरचे आभाळ धुतलेल्या पाटीसारखे कोरे झाले. पण तिचा धनुर्धारी चार पावले धावून पुन्हा अडखळलाच.

"उचकी लागलीय त्याला," दारातून धाकटा म्हणाला. "पाणी पाज जरा."

"तुझी यंत्रं जेवून झोपतात. माझं उपाशीपोटी पळतं. बघशील."

भांडणाचे मूळ होते ती रस्त्याकडेची पुढची खोली. तिथे थोरली जुने संगणक दुरुस्त करी. धाकट्याला तीच खोली नवे संगणक विकण्यासाठी हवी होती. जुन्या यंत्रावर हल्ली काहीच धड चालत नाही, मग ते दुरुस्त करून साधायचे काय, असा त्याचा युक्तिवाद. आणि चालत नाही ते यंत्र नव्हे, चालवणाऱ्याचे डोके, असा तिचा. वडील उभा जन्म मैदानी सामन्यांचे पंच. घरातला वादही मैदानावरच सुटला पाहिजे, असा निकाल त्यांनी दिला. गेम धनुष्यबाणांचा, एक माळरान, दोनच खेळाडू, प्रत्येकाच्या भात्यात तीन बाण. ती आपल्या जुन्या यंत्रावर खेळणार, तो आपल्या नव्यावर. जिंकेल त्याची खोली.

गेम खेळण्याचा थोरलीला गंध नव्हता. यंत्राचा मात्र होता. तिने डबा उघडून पंख्यातली धूळ ब्रशने झाडली, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला, झाकण काढून बाजूला टेबलफॅन ठेवला. मागे गुपचूप चालणारे सगळे प्रोग्राम बंद केले. चित्राचा बारकावा निम्म्यावर आणला. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण तिला कधीच पटली नव्हती. पाय आहेत तेवढेच राहणार, अंथरुणाने काय ते बघून घ्यावे.

मधल्या खोलीत धाकटा आपले यंत्र आईला दाखवत होता. थोरली ते पाहायला गेली नाही. भिंतीपलीकडून कानावर येत होते तेवढे तिला पुरे होते.

"हे बघ, पाण्यावरची तिरीप. झाडाची साल बघ. गवताचं पातंन् पातं बघ. आणि हा घाम, आई! कपाळावरचा घामसुद्धा दिसतो!"

"मग पूस की त्याचा," आई म्हणाली. लगेच तिचा आवाज खाली आला. "हे बघ, ताई आहे तुझी. तिचं दुसरं काही नाही त्या खोलीवाचून. जरा सांभाळून घे."

धाकटा काय बोलला, ते ऐकू आले नाही. थोरलीच्या कानशिलावरची शीर तेवढी तटतटली. सांभाळून घे! जन्मभर हेच. तिने सेटिंगची यादी पुन्हा उघडली. पाण्यावरच्या लाटा गेल्या. झाडांची पाने गेली. फुले, गवत, उडणारी धूळ, लांबचे डोंगर, एकापाठोपाठ एक सारे गेले.

"अगं, माळ तरी ठेव," मागे उभे राहिलेले वडील म्हणाले. "हा नुसता पुठ्ठा दिसतोय."

"नटूनथटून हरण्यापेक्षा बोडक्यानं जिंकलेलं बरं, बाबा."

तिने कळ दाबली. धनुर्धारी धावला, वळला, उडी मारून पुन्हा धावला. कुठे अडखळणे नाही, कुठे झटका नाही. पाटातले पाणी सरकावे तसा तो सरकत होता. थोरलीने टेबलावर मूठ आपटली.

वडिलांनी दोन्ही खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर उभे राहून शिट्टी फुंकली.

ती झाडाच्या खोडाआडून निघाली, ओढा ओलांडून चढावर आली, आणि जागीच थांबली. समोर, सपाट उघड्या माळाच्या अगदी मधोमध, धाकटा पालथा पडला होता. पोट जमिनीला, धनुष्य बाजूला, हालचाल नाही.

तिला क्षणभर कळेना. मग कळले, आणि अंगाचा तिळपापड झाला. आईने सांगितले होते ना, सांभाळून घे! हा त्याचा दानधर्म. मार म्हणावे, घे खोली.

तिने पहिला बाण मुद्दाम त्याच्या कानाजवळून सोडला. ऊठ, लढ.

तो हलला नाही.

दुसरा बाण तिने त्याच्या नाकासमोर रोवला. तरीही तो ढिम्म. उलट त्याने मान आणखी खाली घातली, जणू म्हणत होता, ताई, उगाच वेळ का घालवतेस?

"असं काय!" थोरली दातओठ खात पुटपुटली. तिसरा बाण पाठीत बसला.

वडिलांची लांब शिट्टी वाजली. थोरली खुर्ची मागे ढकलून तरातरा मधल्या खोलीत गेली.

"बाबा, हा सामना बाद करा. भीक म्हणून मिळालेली खोली मला नको." ती धाकट्याकडे वळली. "ऊठ! पुन्हा मांड डाव. आणि या वेळी माणसासारखा लढ. हरले तर स्वतःच्या हातानं हत्यारं आवरीन, पण तुझी दया नको."

धाकट्याने तिच्याकडे पाहिलेही नाही. तोंडाचा आ करून तो पडद्यावर वाकला होता आणि बोटाने स्वतःचीच जागा शोधत होता.

"लढायचं राहू दे, ताई," तो म्हणाला. "आधी मला सांग, एवढ्या कमरेएवढ्या गवतात मी तुला दिसलो कसा?"