नितळ तळ

शिडाच्या जुन्या फायबरग्लास बोटीपायी आम्ही घर विकून पेनरिन बंदराच्या बोटयार्डात, चाकांवरच्या कॅरॅव्हॅनमध्ये राहू लागलो. “पन्नास वर्षांची आहे, पण तळाला एकही फोड नाही!” माझा नवरा डेन्झिल येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. त्याने जुने मालक शोधून फोन केले. सगळे म्हणाले, डागडुजी केली, विकली. आज पहिल्या मालकाची म्हातारी विधवा आली. तिने तळ चाचपला. “फोड पाण्यात राहिलेल्या बोटीला येतात, बाळा. हिला पाण्यात सोडलंय कुणी? आमचे हे मरेपर्यंत म्हणायचे, रंगाचा शेवटचा हात राहिलाय.” मी धावत जाऊन क्रेनवाल्याला आणलं. “उद्या मोठी भरती आहे. सोडायची ना बोट?” त्याने विचारलं. डेन्झिलने माझी नजर चुकवत ब्रश उचलला. “सोडू की, एवढा एक हात होऊ दे.” म्हातारीने मला जवळ घेतलं. “कॅरॅव्हॅनला थंडीसाठी जाड पडदे शिवून घे, पोरी.”