साहेबांच्या हस्ते

मालवणच्या सागरी अभयारण्यालगतच्या किनाऱ्यावर लवूतात्यांनी कासवाचं घरटं पन्नास दिवस कोल्ह्याकुत्र्यांपासून राखलं. पहाटे एकशे चार पिल्लं वाळूतून वर आली, तेवढ्यात वनखात्याच्या कार्यालयातून फोन आला. "साहेब अकराला पोचतील. पिल्लं त्यांच्याच हस्ते सोडायची आहेत. तोवर टोपलीत ठेवा."

अकराच्या उन्हात त्यांतलं एकही जगलं नसतं. तात्यांनी सगळी पिल्लं तेव्हाच पाण्याकडे सोडून दिली. मग टोपलीत ओली वाळू आणि अंड्यांची रिकामी टरफलं भरून वर फडकं झाकलं.

"अहो, सायबान टोपलीत बघल्यान तर?" त्यांची बायको जानकी घाबरली.

"अगो, सायब फोटोवाल्याकडे बघतलो. टोपलीत कित्याक बघतलो?"

साहेब साडेबाराला आले. समुद्राकडे पाठ करून, कॅमेऱ्याकडे बघून हसत त्यांनी टोपली फडक्यासकट लाटेत ओतली. टाळ्या झाल्या. मग माइक हातात घेऊन ते भरल्या गळ्याने म्हणाले,



"पाण्यात शिरताना एका पिल्लानं वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी जन्मभर विसरणार नाही."