केनेउवेची कुंडी

सातव्या ओळीतली तेवढी एकच कुंडी मान टाकून बसली होती. दोन्ही बाजूंची गांजाची रोपं छातीला लागतील अशी ताठ, आणि मधलं हे एक ओल्या फडक्यासारखं लोंबलेलं. मापुलानेने काथ्याच्या भुशात बोट खुपसलं. भुसा ओला होता. ठिबकची नळी चालू होती. कीड नाही, पानावर डाग नाही.

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि रोपाला बांधलेली नंबराची पट्टी उलटी केली. मागे, सोमवारी तिनेच पेन्सिलीने लिहिलेलं नाव होतं. केनेउवे.

"सापडली ना तुला?" ती हळूच म्हणाली. "आता जा बाबा."

नाव तिच्या तिसऱ्या लेकीचं होतं. घरात ते कुणी घेत नसे. पहिली लेक, पुलाने, आठ महिन्यांची होऊन गेली. लोक अजून हिला मापुलानेच म्हणत, पुलानेची आई. दुसरा तर नऊच दिवसांचा. म्हणून तिसरीला सासूने साऱ्या वस्तीदेखत मोसेलान्जा म्हटलं, कुत्र्याचं शेपूट. शेपूट न्यायला मरण कशाला डोंगर चढेल? तरी चार दिवस अंगावर पिणारी पोर तापाने फणफणत होती. म्हणजे खरं नाव त्याला कुठूनतरी कळलं होतं. मग मापुलानेने ते नाव घरातून काढलं आणि दोन डोंगर ओलांडून इथे, या हरितगृहात आणून बांधलं. मरण शोधत आलंच तर त्याला ते इथे सापडावं.

आज पहाटे ती निघाली तेव्हा पोरीला घाम फुटून ताप उतरला होता. चार दिवसांत पहिल्यांदा.

"काय गं, कुणाचं मयत?" मुकादम लेबेको मागून आला; वडीलधारा म्हणून सगळे त्याला न्ताते, म्हणजे बाबा, म्हणत. डोक्याला जाळीची टोपी, पायात पांढरे बूट.

"न्ताते, याला हात लावू नका. आपलं आपण मरू द्या."

"मरू द्या म्हणे. साहेब म्हणेल, बाईने पाणी तोडलं. घरी बसवतील तुला." तो वाकून पानं चाचपू लागला. "आमच्या वेळी हे मक्यात लपवून लावायचो. हवालदार दिसला की गाढवासकट पसार. आता सरकारचा परवाना आला, तर तोच हवालदार फाटकावर याची राखण करतो, आणि मी बायकांसारखी जाळी घालून याला न्हाऊ घालतो. बायको म्हणते, मला कधी घातलंस का?"

मापुलाने हसली. आपण हसलो हे तिला जरा उशिरा कळलं.

"जा, जेवून घे," तो म्हणाला. "चेहरा बघ केवढासा झालाय."

तिने पापा आणि पाला खाल्ला. मक्याचा तो घट्ट गोळा आज घशाखाली उतरला. बायकांत बसून तिने दुसऱ्यांदा वाढूनही घेतलं.

परत आली तेव्हा कुंडीत रोप ताठ उभं होतं.

हिरवंगार. पंख्याच्या वाऱ्यावर पान न् पान हलत होतं. पट्टी तीच, गाठ तेवढी नवी.

"बोलू नकोस कुणाला," लेबेको शेजारच्या ओळीतून कुजबुजला. "रोपवाटिकेत एक जास्तीचं होतं. त्याच आईझाडाचं कलम, पानाला पान जुळतं. तुझी नोकरी वाचली."

"जुनं कुठंय?"

"यंत्रात घातलं. भुगा झाला त्याचा."

तिने पट्टी उलटी केली. नाव होतं.

"ते पाहिलं मी," तो मऊ आवाजात म्हणाला. "लेकीचं ना? झाडावर जीव जडतो, मला काय ठाऊक नाही? लावताना रोप जरा कोमेजल्यासारखं वाटलं, म्हणून हाक मारली त्याला. नाव घेऊन. आमची आजी भोपळ्याच्या वेलाला मारायची तशी, मोठ्याने, तीनदा. आणि बघ की, लगेच सावरलं."

पंखे घुमत होते. लांब ओळीतली शेकडो रोपं, सगळी एकाच आईची, एकदम एका बाजूला कलली आणि परत सरळ झाली.

"तीनदा," मापुलाने म्हणाली.

"हो."

"आणि कुणी ऐकलं?"

"इथे कोण आहे ऐकायला?" तो म्हणाला, आणि का कोण जाणे, त्याने मागे वळून पाहिलं.

नुसती पट्टी तोडून आता भागणार नव्हतं. मेलेलं नाव त्याने पुन्हा जिवंत करून उभं केलं होतं. तिने दोन्ही हातांनी खोड बुडाशी धरलं.

"अगं, वेडी का काय? वर कॅमेरा आहे. चांगलं रोप उपटलंस तर संध्याकाळच्या आत पास काढून घेतील. मग पोरीला काय खायला घालशील?"

तिने उपटलं. पांढरी मुळं भुशासकट वर आली. सोडेनात म्हणून तिने बुटाने कुंडी दाबून धरली आणि पुन्हा ओढलं. मग खोड गुडघ्यावर मोडलं, एकदा, दोनदा. पट्टी लोंबत होती. ती तिने तशीच राहू दिली.

"वर काय सांगू आता मी?" लेबेकोने कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"सांगा, मेली."

"कोण?"

"केनेउवे मेली," ती म्हणाली. सबंध हरितगृहाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "माझ्यासमोर मेली. केनेउवे आता कुठे नाही."

म्हाताऱ्याने डोक्यावरची जाळी काढून हातात घेतली.

ती मोडलेलं रोप उराशी धरून उभी राहिली. फोन फाटकावरच्या कपाटात होता. घर दोन डोंगर पलीकडे. एवढ्यात तिच्या पांढऱ्या डगल्यावर, रोपाच्या दोन्ही अंगांना, दोन ओले डाग उमटले आणि हळूहळू पसरू लागले. दूध उतरत होतं. कुणीतरी भुकेने रडत असावं तसं.